खपली धरली म्हंजे बरं झालं!

माझं जनावरांच्या सरकी पेंडीचं दुकान म्हणजे अर्धा दवाखाना! वडीगोद्रीला हायवेच्या कडेला बाकडं टाकलं, तेव्हापासून पोती कमी खपतात आणि दुखणीच जास्त ऐकायला मिळतात. सध्या बाकड्यावर हसणं बंद आहे. आमच्या बापूरावांची बायको, कौसावहिनी, जालन्याला दवाखान्यात आहे. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. तरी किस्से आठवतातच, काय करणार!

नामदेवचे डोळे सकाळी चिकटायचे. तो चहाच्या पाण्यानं धुवायचा. "शेठ, डोळ्याला कुलूप लागतंय, चावी चहात हाय!" मी म्हणालो, "अरे, डोळा लाल झालाय, दुखून राह्यलाय, अंबडला डॉक्टरला दाखव." "दिसतंय की बराबर!" म्हणाला, आणि समोरच्या पोत्याला रामराम घालून गेला.

दत्तूचा कान वाहायचा. आत कापसाचा बोळा, वर पिवळी खपली. "वाळलंय, म्हंजे बरं झालं. बायकोचं ऐकू येत न्हाई, तो फायदाच!" आम्ही पोट धरून हसलो. मग एकदा त्याला ट्रकचा हॉर्नही ऐकू आला नाही. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून दत्तू आहे.

बापूरावांना शुगर. अंगठ्याच्या जखमेवर खपली आली तर पठ्ठ्यानं बाकड्यावर पेढे वाटले! वास येत होता, तरी म्हणे, "खपली म्हंजे देवानं बांधलेली पट्टी!" पट्टीसकट अंगठा गेला.

वहिनीही त्यांचंच ऐकणार. ब्लाउजला आतून डाग, एकाच बाजूला. छातीवरची खपली निघायची, परत धरायची. माझ्या बायकोनं पाहिलं, म्हणाली, "वहिनी, जल्दी दाखवा." तर म्हणतात, "वाळतंय की गं. आन् डॉक्टर पडला बाप्या माणूस!"

त्याच सुमारास त्यांच्या गाईच्या एका सडातून रक्ताळ पाणी आलं, तोंडाशी खपली. बापूरावांनी तासाभरात जनावरांचा डॉक्टर आणला! मी पेंड टाकायला तिथंच गेल्तो. डॉक्टर म्हणाला, "एकाच सडाला आहे, रक्त आहे. हे आपोआप जाणार नाही. खपलीवर जाऊ नका, लांबवलं तर पस्तावाल."

वहिनींनी गाईचं दावं धरलं होतं. पदर ओढून घेत हळूच विचारलं, "साहेब, बाईला असंच झालं तर?"

बापूराव खो खो हसले. "काय बी विचारती येडी! आधी गाईचं बघू दे त्यांना."