मालिकेतल्या बापाला मी दिलेले शब्द

बाळांनो, हे पत्र तुम्हांला आई वाचून दाखवणार असेल, तर तिला आधीच बजावून ठेवा की एकही शब्द बदलायचा नाही. का, ते पुढे कळेल. तुम्ही दोघं हल्ली कोरियन मालिका बघता आणि आजीला त्यातलं काय कळणार म्हणून हसता, असं आई सांगत होती. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस लिहिता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते.

तुमची आई हडपसरच्या एका कंपनीत संगणकाचं काम करायची. संध्याकाळी आमच्या सदाशिव पेठेतच जपानीच्या वर्गाला जायची. भाषा आली म्हणून कंपनीने तिला ओसाकाला पाठवलं. दोन वर्षांनी तिचा फोन आला, की बरोबर काम करणाऱ्या एका जपानी मुलाशी लग्न करायचं आहे. आजोबांनी ऐकून घेतलं, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पंचांग चाळत बसले. त्यानंतर तिचा फोन आला की ते उठून गॅलरीत जायचे.

मग तिने मला सांगितलं, "आई, आम्ही दोघं येतोय. आजपासून पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी घरी येऊ. आदल्या संध्याकाळी मुंबईच्या हॉटेलात असू. बाबा दार उघडणार नसतील तर तिथे तसं कळव. आम्ही ओसाकाला परत जाऊन लग्नाची नोंदणी करू. मग मात्र मी पुन्हा विचारायला येणार नाही."

तिचा स्वभाव मला माहीत होता. आजोबांचाच होता तो. हातात पंधरा दिवस होते.

त्याच सुमारास आजोबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावायचा, वाचायचं नाही, टीव्हीकडे बघायचं नाही. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायली वाचलेला माणूस, त्याच्या अंगावर दिवस येई. केबलवर एका परदेशी वाहिनीवर दुपारी चहाच्या वेळी कोरियन मालिका लागे. खाली इंग्रजी अक्षरं उमटत. मी आवाज बारीक करून बघत होते.

"कोण लोक आहेत हे?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

"कोरियन."

"म्हणजे जपानी नव्हेत ना?"

"नाहीत."

"मग मोठ्याने वाच. मराठीत."

तशी मी वाचू लागले. ते टीव्हीकडे पाठ करून बसत आणि ऐकत. मला ती माणसं ओळखीची वाटली. चपला दाराबाहेर काढत होती, मोठ्यांनी घास घेतल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नव्हती, वाकून नमस्कार करत होती. फक्त मनातलं लवकर बोलत नव्हती. आपण पेठेत एका वाक्यात समोरच्याला गार करतो. तिथे एक भाग संपेपर्यंत बाई नुसता भात वाढत होती. रडण्याला मात्र तोटा नव्हता. आजोबा म्हणाले, "एवढं पाणी आमच्या धरणात असतं तर कालव्याच्या आवर्तनावरून भांडणं झाली नसती."

मालिकेत एक मासे खारवणारा बाप होता. त्याच्या मुलीने शहरातला मुलगा स्वतःच पसंत केला होता. मी वाचू लागल्यापासून चौथ्या दिवशी ती घरी सांगायला आली. बाप जाळं आवरता आवरता बोलला आणि खाली अक्षरं आली: आजपासून मला मुलगी नाही.

मी ते वाचलं नाही. मी म्हणाले, "आज माझ्याच्याने काही बोलवत नाही. नंतर ये."

आजोबा म्हणाले, "समजूतदार दिसतो."

एकदा बदललं की पुढचंही बदलणं आलं. आपण काल काय सांगितलं ते विसरू नये, म्हणून मी एक वही केली. डाव्या पानावर पडद्यावर आलेलं वाक्य, उजव्या पानावर मी वाचलेलं. मालिका संपली की स्वयंपाकघरात उभ्याने लिहून वही पिठाच्या डब्यामागे ठेवत असे. तो बाप दिवसेंदिवस कठोर होत चालला होता आणि माझ्या तोंडून दिवसेंदिवस मऊ. एकदा आजोबा म्हणालेसुद्धा, "'जेवून जा' हे एवढं ओरडून सांगतात का?"

"समुद्राकाठची माणसं," मी म्हणाले. "वाऱ्यामुळे सवय असते."

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ते शेजाऱ्यांबरोबर डोळा दाखवायला गेले. मी फोनसाठी घरी थांबले. "बाबा काय म्हणतात?" आईने विचारलं. मी म्हणाले, "ऐकतायत." त्यात खोटं काही नव्हतं. आजोबा परत आले तेव्हा "ठीक आहे" एवढंच बोलले.

दुपारी मालिकेत ती मुलगी त्या मुलाला घेऊन अंगणात उभी होती. बाप आतून बायकोला काहीतरी म्हणाला. मी वाचलं, "त्यांना आत बोलव."

"काय लिहिलंय तिथे?"

"त्यांना आत बोलव."

"मी विचारलं, तिथे काय लिहिलंय."

मी मान वळवली. त्यांनी खुर्ची फिरवली होती. काळा चष्मा हातात होता. "शट द डोअर," त्यांनी फाईलमधला मजकूर वाचावा तसं सावकाश वाचलं. "डॉक्टरांनी टीव्हीची परवानगी दिली आजपासून. किती दिवस चाललंय हे?"

मी आत गेले, डब्यामागची वही आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंग मागितलं. मी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, भात निवला, तरी बाहेरून फक्त पान उलटल्याचा आवाज येत होता. जेवतानाही वही त्यांच्या ताटाशेजारीच होती. शुक्रवारही तसाच गेला. संध्याकाळी आईला मुंबईच्या हॉटेलात काय कळवायचं, या विचाराने मी फोनपाशी जाऊन दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वही फोनशेजारी उघडी ठेवलेली होती. उजव्या पानावर, माझ्या शेवटच्या वाक्याखाली, खात्यात लिहीत तशी शाईने टिप्पणी होती: "शनिवारी दार उघडण्यास हरकत नाही." खाली आडवी सही आणि तारीख.

शनिवारी दार त्यांनीच उघडलं. तुमच्या बाबांनी बूट काढले आणि टाचा घराकडे, टोकं बाहेर अशी नीट जुळवून ठेवली. आजोबांनी ते बघितलं आणि मराठीत म्हणाले, "पळायची सोय आधीच करून ठेवली वाटतं." आईने बाबांना जपानीत बरंच काही सांगितलं. ते कमरेत वाकले, ते कितीतरी वेळ वर येईनात.

"एवढं मी बोललो नव्हतो," आजोबा म्हणाले आणि आत चहा टाकायला सांगितला.

त्या मालिकेचा शेवट काय झाला, ते मला ठाऊक नाही. त्या आठवड्यात घरात इतकी माणसं होती की टीव्ही लागलाच नाही. आता आजोबा नाहीत आणि ती वाहिनीही दिसत नाही. वही माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. शाई तपकिरी झाली आहे, पण टिप्पणी वाचता येते.