ब्लाउजचे कागद सुरतेला कसे गेले

बायको गेल्यावर आमच्या घरात भांडण एकाच गोष्टीवरून झालं. दागिन्यांवरून नाही. भांडण झालं कागदांच्या एका बंडलावरून.

बायको ब्लाउज शिवायची. इथं बालाघाटात आमच्या भागातल्या बायका तिच्याकडूनच शिवून घेत. प्रत्येकीचं माप तिनं एकदाच घ्यायचं आणि जुन्या पेपरवर कापून ठेवायचं. मागचा भाग, पुढचा भाग, बाही, कटोरी. कोपऱ्यात भोक पाडून सगळे कागद दोरीत ओवलेले. गिऱ्हाईक आलं की त्यातून तिचे कागद काढायचे, कापडावर ठेवायचे आणि खडूनं आखायचं. बाई मधल्या काळात जाड झाली असेल तर बायकोला नुसतं पाहून कळे. ती अर्धा इंच जास्त सोडायची आणि त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही. म्हणून गिऱ्हाइकं टिकली.

मुलगी सुरतेला दिली. तीही घरी ब्लाउज शिवते. पण तिचा मुंढा, म्हणजे बाही जिथं बसते तो भाग, काखेत ओढायचा. आईचा ओढत नसे. बायकोला जाऊन वर्ष झालं तेव्हा मुलगी आली आणि जाताना म्हणाली, "बाबा, ते बंडल मी घेऊन जातो."

मी म्हटलं, "नाही."

"तुम्ही काय करता त्याचं?"

"ठेवतो."

"ठेवून काय करता?"

"ठेवतोच."

जावई मधे पडला. त्यानं तोड काढली. बालाघाटात आता कम्प्युटरचं दुकान झालं आहे, तिथून कागद ईमेलनं पाठवा, कागद तुमचे तुमच्याकडे राहतील. मुलगी म्हणाली, "चालते. पण माप बराबर आलं पाह्यजे. नाही आलं तर दिवाळीले येतो अन् बंडल उचलतो." मी हौ म्हटलं. ईमेल काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

झेरॉक्स आधीच करून पाहिली होती. जुना पिवळा पेपर, सगळा काळा आला.

मी पाचवी पास. जन्मभर जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोत लठ्ठ्यांची, म्हणजे ओंडक्यांची, गोलाई मोजली. टेप लावायचा, आकडा ओरडायचा, दुसरा माणूस लिहायचा. त्यामुळे कम्प्युटर येत नसला तरी माप काय असतं ते मला कळतं, आणि ते मी दुकानात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

दुकान एका बाईचं होतं. पन्नाशीची. आधी ती टायपिंग शिकवायची. मशिनी विकल्या आणि दोन कम्प्युटर घेतले. बोलायची हिंदी, मराठी सगळं समजायची. तिनं दोन दिवस बसून सगळे कागद काचेवर ठेवून स्कॅन केले. काच लहान, म्हणून मोठे कागद दोन तुकड्यांत. मग म्हणाली, "काकाजी, ये तो बहुत भारी हो गया. मेल में नहीं जाएगा. छोटा करना पड़ेगा."

मी म्हटलं, "छोटं नाही करायचं. बत्तीस छातीचं बत्तीसच पाह्यजे."

"अरे, माप छोटा नहीं होता, फाइल छोटी होती है."

"तेच म्हणते सगळे."

तिनं ऐकलं नाही. सगळ्यांची जेपीजी केली आणि पाठवली. आठवड्यानं मुलीचा फोन आला. बाही छापून कापली तर नातीलाही बसत नव्हती. "बाबा, बाहुलीचं लग्न आहे का आपल्या घरी?"

मी दुकानात गेलो आणि बाईला हे जसंच्या तसं सांगितलं. ती चिडली. मग तिनं मला समजावलं. जेपीजीमध्ये कम्प्युटर थोडंसं फेकून देतो, जे डोळ्याला दिसत नाही ते. त्यावर तिनं स्वतःही चित्र लहान केलं होतं, हे मग हळूच सांगितलं.

मी विचारलं, "फेकते ते काय फेकते?"

"कुछ खास नहीं."

"मंग ठेवत काहून नाही?"

तेव्हा तिनं झिप काढली. झिपमध्ये काही फेकत नाहीत म्हणे. रजाई दाबून गठडीत बांधायची, तिकडे सोडली की फुगून होती तशी. हे मला पटलं. पण आमची रजाई दबेना. झिप केली तरी फाइल जवळजवळ तेवढीच. मग रार नावाचं आणलं. ते झिपपेक्षा जास्त दाबतं आणि एका गठडीचे सात तुकडेही करतं. ते उघडलं की दर वेळी एक खिडकी यायची, फुकटचे दिवस संपले, आता विकत घ्या. बाई ती खिडकी न वाचता बंद करायची. मी म्हटलं, "तो सांगून राह्यला ना." ती म्हणाली, "वो रोज़ बोलता है."

सात तुकडे सात मेलांत गेले. सुरतेत जावई ज्या दुकानात गेला तिथं रार उघडणारं काहीच नव्हतं. मग बाईनं आपोआप उघडणारी फाइल बनवली. ती तिकडच्या मेलनं आतच घेतली नाही. आत रोग असेल, असं त्याला वाटलं. ब्लाउजमध्ये काय रोग असणार?

असे दोन महिने गेले. दिवाळी जवळ आली. मी घरी बंडल कपाटात वरच्या खणात ठेवलं होतं, ते खालच्या खणात कपड्यांच्या मागे ठेवलं. मुलगी तिथंच आधी पाहणार हे माहीत असून ठेवलं.

एका दुपारी बाई कंटाळून एक चित्र मोठं करून पाहत बसली होती. अचानक म्हणाली, "काकाजी, ये देखो." पडद्यावर बाही होती आणि बाहीवर बातमी होती. कुठल्याशा नाल्यावरच्या पुलाच्या उद्घाटनाची. कटोरीवर धानाचे भाव. पाठीवर ‘नोकर पाहिजे’च्या जाहिराती. मागे सगळी छपाई आणि पिवळे डाग. बाई म्हणाली, दबत नाही ते हेच. साधी रेघ असती तर मुठीत मावली असती. म्हणजे दोन महिने आम्ही सुरतेला ब्लाउज पाठवत नव्हतो. दहा वर्षांच्या बातम्या पाठवत होतो.

मी कोरे पांढरे कागद घेऊन घरी आलो. आठ दिवस बसलो. एकेक कागद पांढऱ्यावर ठेवायचा, कडेनं काळ्या पेनाची रेघ ओढायची. मोठे कागद दोन पानांवर, जोडायच्या जागी फुली. बायको असताना मी या कागदांना हात लावला नव्हता, तिला चालत नसे. कुठं तिनं आधी कापून मग पाव इंच परत चिकटवलेलं होतं. ती पाव इंचाची पट्टीही मी आखली. आणि प्रत्येक पानाच्या खाली सहा इंचाची एक सरळ रेघ ओढली. डेपोत लठ्ठ्यावर हातोड्याचा छाप मारत, म्हणजे रस्त्यात लठ्ठा बदलला तर कळे. ही रेघ तशीच.

बाईनं ते काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं. झिप केली. गठडी एवढीशी झाली की आधी तिला वाटलं फाइल रिकामी आहे. मी म्हटलं, सोडून दाखवा. तिनं सोडली, एक पान छापलं. मी खिशातून टेप काढून सहा इंचाची रेघ मोजली. पावणेसहा भरली.

"देखा?" मी तिच्याच भाषेत म्हटलं.

 छापायच्या खिडकीत ‘कागदात बसवून छाप’ अशी एक खूण होती, ती तिनं काढली. पुन्हा छापलं. सहा. पुन्हा मोजलं. सहा. ती खूण काढायची हे मी मुलीला फोनवर तीनदा सांगितलं आणि जावयाला वेगळं सांगितलं. रार नको, झिपच, ती कुठंही उघडते, हेही.

चार दिवसांनी फोन आला.

"बाबा, बसला. शेजारणीले शिवून दिला."

"मुंढा ओढते का?"

"नाही ओढत. पण एक सांगा. पांढऱ्या कागदावर तुम्हीच आखले ना सगळे?"

"हौ."

"मंग तेच कागद पोस्टात काहून नाही टाकले?"

 हे मला सुचलं नव्हतं. बाईलाही सुचलं नव्हतं.

"मंग बंडल माह्यापाशी," मी म्हटलं.

"हौ, ठेवा. अन् बाबा, दिवाळीले आता येत नाही. त्याच्यासाठीच येणार होतो. तुमच्या जावयाची सुट्टी पक्की नाही. उन्हाळ्यात पाहू."

"बरं."

फोन ठेवला. शर्त मीच जिंकलो होतो. बंडल कपाटातून काढून पलंगावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसलो. काय करता ठेवून, असं मुलीनं विचारलं होतं. तेच करत होतो.

एक गोष्ट वर लिहिली नाही ती आता लिहितो. बंडलातले तीन कागद मी दुकानात नेलेच नव्हते. ते बायकोचे स्वतःचे होते; स्वतःसाठी ती पुढचा भागच कापून ठेवायची, बाकी अंदाजानं. परक्या बाईनं ते काचेवर ठेवावेत हे मला नको होतं. दोन दिवस विचार केला आणि मग मीच सुरतेला फोन लावला.

"तीन कागद राहून गेले."

"कोणाचे?"

"तुझ्या आईचे."

 मग म्हणाली, "पाठवा ना मंग. झिप करून."

"नाही करत."

"काहून?"

"नाही करत. पाह्यचे असतीन तर ये."

"तुम्ही लय जिद्दी झाले बाबा."

"हौ."

दिवाळीच्या दोन दिवस आधी ती रेल्वेनं गोंदियाला उतरून तिथून बसनं आली. नातीला घेऊन, जावयाला न घेता. हातपाय धुतले, थेट कपाटात कपड्यांच्या मागे हात घातला आणि मी परत तिथंच ठेवलेलं बंडल काढून सोडलं. तिन्ही कागद पलंगावर पसरले. एकावर छाती छत्तीस, दुसऱ्यावर चौतीस, तिसऱ्यावर तीस.

"हा कधी कापला?" तिसऱ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं.

"गोंदियाच्या दवाखान्यात भरती व्हायच्या आधी. खाटेवर बसून कापला. ढगळ ब्लाउज घालून डॉक्टरसमोर कशी जाऊ, म्हणे."

"तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, कोण पाहते तिथं."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग आजाराच्या आधीचा, छत्तीसचा कागद घडी न घालता आपल्या पिशवीत सरळ ठेवला. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही. चौतीसचा आणि तीसचा तिनं दोरीत परत ओवला, गाठ मारली आणि बंडल माझ्या हातात दिलं.