रांगेतलं मधलं घर

साडूच्या वास्तुशांतीला मी चुकीच्या घरात शिरलो. धाराशिवच्या जरा बाहेर ती रो-हाऊसची ओळ आहे. सात घरं, सातही एका साच्यातली, एका रंगाची. मांडव शेवटच्या दोन घरांपुढं पसरलेला. बायको ओळखीच्या बायकांशी बोलत मागं राहिली आणि मी आहेराची पिशवी घेऊन पहिल्या उघड्या दारातून आत गेलो.

आत ना पंखा, ना खुर्ची. फरशीवर रंगाचे ठिपके आणि कोपऱ्यात एक रंगारी भाकरी खात बसलेला. खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं! महिनाभर साडूच्या घराचे फोटो मोबाईलवर बघून माझं अन्न गोड लागत नव्हतं. फोटोत काहीही दाखवता येतं, प्रत्यक्षात हे असं आहे तर, म्हणून मी प्रसन्न चेहऱ्यानं भिंतीवरून हात फिरवत होतो. तेवढ्यात रंगारी म्हणाला, "पूजा बाजूच्या घरात हाय, साहेब. हे विकायचं हाय."

बाजूच्या घरात सगळं फोटोत होतं तसंच होतं. उलट थोडं जास्तच.

साडू माझ्याहून आठ वर्षांनी लहान. लग्नात त्याचा फेटा मी बांधला होता, आणि आता त्याच्या स्वयंपाकघरात बोट लावलं की आवाज न करता सरकणारे कप्पे होते. मी एक कप्पा चार वेळा उघडून लावून बघितला. एकदा तरी अडकेल अशी आशा होती. शिवाय त्याचं घर कोपऱ्याचं. तिसऱ्या बाजूनंही खिडक्या, आणि त्या बाजूला जमिनीची एक पट्टी, तिथं त्यानं जास्वंद लावली होती. आम्ही कळंबला अकरा वर्षं भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिथं जास्वंद कुठं लावणार, गॅलरीत बादल्याच मावत नाहीत.

मेहुणी म्हणाली, "दाजी, शेजारचं घ्या की. दोघी बहिणी जवळ होऊ." बायको लगेच बिल्डरच्या माणसाला घेऊन ते रिकामं घर बघायला निघाली. मीही गेलो. तिनं स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, जमिनीतली टाकी केवढी, वर चढवायला मोटार आहे का, असं सगळं विचारलं. कळंबला पाणी येतं ते खाली फाटकापाशी. तिथून घागरी, बादल्या दोन जिने चढवता चढवता तिचा एक गुडघा कायमचा सुजलाय. मागच्या बाजूला धुणं धुवायची जागा होती. तिथं ती बराच वेळ नुसती उभी राहिली.

मी तोवर हॉल पावलांनी मोजत होतो. चौदा पावलं. मग काहीतरी विसरल्याचं निमित्त करून साडूचा हॉल मोजून आलो. तोही चौदाच. त्यानं समाधान व्हायला हवं होतं, पण माझा जीव त्या जास्वंदीच्या पट्टीत अडकला होता. हे घर घेतलं तर जन्मभर लोक पत्ता सांगताना म्हणणार, कोपऱ्याचं मोठं घर आहे ना, त्याच्या अलीकडचं.

पंगतीत साडू स्वतः वाढायला आला. पुरणपोळीवर तूप सोडत त्यानं अगदी मनापासून विचारलं, "दादा, काय ठरलं मग?"

मी म्हणालो, "घर चांगलंय हो, पण दक्षिणमुखी आहे. आम्हाला दक्षिणमुखी चालत नाही."

सातही घरांची तोंडं एकाच दिशेला होती, हे माझं वाक्य संपल्यावर माझ्या ध्यानात आलं. समोर गुरुजी जेवत होते. त्यांनी नुकतीच त्याच दक्षिणमुखी वास्तूची शांती केली होती. साडूच्या आईनं शांतपणे विचारलं, "मग आमचं कोणत्या तोंडाचं म्हणायचं, पाव्हणं?"

"तुमचं कोपऱ्याचं आहे," मी म्हणालो. "कोपऱ्याला दिशेची बाधा नसते."

गुरुजींनी मान खाली घातली आणि आमटी मागितली. साडूनं मला आणखी एक पोळी वाढली. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

परतताना येडशीपर्यंत मोटरसायकलवर मीच बोलत होतो. दोन्ही बाजूच्या भिंती सामाईक, आपण खोकलो तरी शेजारी ऐकणार. मधल्या घराला उजेड कमी. रंगही हलकाच वाटला. येडशीला चहाला थांबलो, तेव्हा मी बोअरच्या पाण्यावर आलो होतो. ते खारट असणार, असं माझं म्हणणं होतं. चाखलं मात्र नव्हतं.

बायकोनं चहा संपवला, कप खाली ठेवला.

"त्या बिल्डरच्या माणसाला मी, सोमवारी आम्ही येतो म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कोपरा शोधत बसायला माझं गुडघं थांबायचं न्हाईत."