गोल की थेंबासारखा

पुण्याच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक गोल, थापायला घेतलेल्या भाकरीच्या गोळ्यासारखी किंचित चपटी. दुसरी वर निमुळती आणि खाली भरलेली, थेंबासारखी. दोन्ही सिलिकॉनच्या. माझी बायको त्या हातात घेऊन, दाबून, तळव्यावर तोलून पाहत होती आणि मी पंख्याकडे बघत बसलो होतो.

तिच्या छातीची उजवी बाजू वयात येताना वाढलीच नव्हती. हे मला लग्नानंतर कळलं. "मला काही फरक पडत नाही," एवढं बोलून मी विषय संपवला आणि पुढे कितीतरी वर्षं तो आमच्या घरात निघाला नाही. या गप्प बसण्याला मी माझा मोठेपणा समजत होतो. ती मात्र रोज सकाळी ब्लाउजच्या आत कापसाची गादी टाचून मगच दार उघडायची. महाडला आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची, स्वतःच्या ब्लाउजना मात्र कोणाला हात लावू द्यायची नाही. मग दोन हजार सालानंतर केव्हातरी, मुलं शाळेत रुळल्यावर, एक दिवस मला जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मी पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्ही येणार असाल तर या."

डॉक्टर सावकाश समजावत होते. गोल आकार असेल तर तो आत कसाही फिरला तरी गोलच राहतो, फक्त वरच्या बाजूला जरा जास्त भरलेला दिसतो. थेंबाचा आकार डाव्या बाजूशी जास्त जुळेल, कारण दोन बाळंतपणांनंतर ती बाजू खाली उतरली आहे. पण तो क्वचित आतल्या आत फिरतो, मग छाती वाकडी दिसते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

"घाई करू नका," ते म्हणाले. "मऊ कापडाच्या दोन पिशव्या शिवा, सांगतो त्या मापाने तांदूळ भरा आणि घरात घालून वावरा. गणपती झाले की फोन करून सांगा. मग मी मागवतो."

परतीच्या एसटीत वरंधचा घाट उतरताना ती खिडकीशी डोकं टेकून झोपली होती. मी जागा होतो. भुलीतून माणूस उठलाच नाही तर? आजार असता तर निदान सांगता आलं असतं. हौसेपायी बायको घालवली, असं लोक म्हणतील. मुलं मोठी झाल्यावर विचारतील. कचेरीत रजेचं कारण म्हणून अपेंडिक्स सांगायचं, हे मी बस घाटाच्या पायथ्याला वरंध गावात यायच्या आत ठरवूनही टाकलं. मला तिच्या जाण्याची भीती जास्त होती की लोकांच्या बोलण्याची, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

तिने जुन्या मलमलच्या पिशव्या शिवल्या. एक दिवस गोल, एक दिवस थेंबाची. तांदळाची पिशवी घालून ती धुणं वाळत घाली, मशीन चालवी, बाजारात जाई. मी मागून चालताना चारी बाजूंना बघायचो, कोणाची नजर कुठे जाते ते. आणि याच दिवसांत मला एक गोष्ट कळली, जी मी लपवली. गोल पिशवीच्या दिवशी माझी स्वतःची नजर तिच्यावरून हलत नसे. फरक पडत नाही म्हणणाऱ्या माणसाला फरक पडत होता. मला त्याची इतकी लाज वाटली, की तिने "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तेव्हा मी भाताकडे बघत म्हणालो, "गोल बरा. फिरला तरी बिघडत नाही. उगाच पुन्हा चिरफाड नको." यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी मी खोटं बोलत होतो.

गौरीला आम्ही तिच्या माहेरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावी गेलो. तिने थेंबाची पिशवी घातली होती. दुपारी बायकांनी तिची ओटी भरली आणि फुगड्या सुरू झाल्या. लग्न झाल्यापासून मी तिला कधी फुगडी खेळताना पाहिलं नव्हतं. गुडघा दुखतो, असं ती दरवर्षी सांगे. त्या दिवशी मात्र तिने पदर खोचला आणि वहिनीचे हात धरले.

मी पडवीत मेव्हण्याशी भाताच्या पिकाबद्दल बोलत होतो, पण माझं सगळं लक्ष आत, माजघरात होतं. फुगडीने वेग घेतला. बायका ओरडत होत्या. "म्हातारपणी जोर आलाय गो हिला!" "नवरा खायला घालतोय वाटतं चांगलं!" सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. आणि तेवढ्यात जमिनीवर तांदूळ उडाले. आधी चार दाणे, मग मूठभर, मग गरागरा फिरणाऱ्या त्या दोघींभोवती पांढरं रिंगण.

आता सगळ्यांना कळणार, असं वाटलं. उठावं तर तिथे बायका, बसावं तर बसवत नव्हतं.

"थांबा गो, थांबा!" तिची चुलती धावली. "ओटी सांडली पोरीची! तांदूळ नीट काढून ठेवायचे सोडून नाचाया लागली बघ. तुडवू नका, गवरीचं हायत!"

"अगो काकी, बांधली नव्हती का हिने?"

"बांधली कसली! हिचं लक्ष हाय कुठं?"

दोघीतिघी खाली बसून दाणे वेचायला लागल्या. कोणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. त्या दिवशी त्या घरात बाईच्या पदरातून तांदूळ सांडणं यात नवल ते काय? माझी बायको उजवा हात छातीशी घट्ट दाबून भिंतीला टेकली होती. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसून हसून तिला उभं राहवत नव्हतं.

संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मुलं आजीकडेच राहिली होती.

"फिरली हो ती," ती म्हणाली. "पार काखेत गेली होती. तिथेच शिवण उसवली."

"बघ," मी लगेच म्हणालो, "मी म्हणत होतो. गोलच बरा."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आवाजातला आनंद मलाही ऐकू आला होता.

"तुम्हाला गोल आवडतो," ती म्हणाली. "तसं सांगा ना. फिरण्याचं कारण कशाला?"

"तसं नाही."

"नाही कसं? गोल पिशवीच्या दिवशी सकाळचा चहा तुम्ही करता. एरवी कप तरी उचलता का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर एक जण पिशवीवर डोकं ठेवून झोपला होता. मग मी तिला सांगितलं. आवडतो, आणि ते आवडण्याची लाज वाटते. तुला काही झालं तर, या भीतीने झोप येत नाही, आणि तरी मनात तोच आकार येतो. हे सगळं खाली मान घालून, तुटक तुटक बोललो.

"मग तसं म्हणायचं," ती म्हणाली. "मी ऐकलं नसतं. पण तसं म्हणायचं."

गणपती गेल्यावर ती फोन करायला निघाली. घरी फोन नव्हता. बाजारातल्या एसटीडीवाल्याला आमचं सगळं घर माहीत. "मी करतो," मी म्हणालो, "तू तिथे काय बोलणार?" तिने ऐकलं नाही. बूथमध्ये शिरून तिने काचेचं दार आतून ओढून घेतलं. मी बाहेर उभा. एसटीडीवाला विचारत होता, "काय हो, पुण्याला कोण पाहुणे?" मी काहीतरी बोललो. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. एकदा तिने रिकाम्या हाताने हवेत वरून खाली काहीतरी रेखाटलं, फोनवरच्या माणसाला ते दिसणार असल्यासारखं. मला मात्र ती तेवढ्यात पाठमोरी झाल्यामुळे नीट दिसलं नाही.

बाहेर आल्यावर ती भाजीवाल्यांच्या दिशेने चालू लागली. विचारायचा मला धीर होईना. गवारीचा भाव करून, पिशवी माझ्या हातात देऊन झाल्यावर ती म्हणाली, "थेंबाचाच सांगितला. डाव्या बाजूला जोड तिच्यासारखीच हवी. कोणी परका नको शेजारी."

"आणि फिरला तर?"

"फिरला तर परत पुण्याला जायचं. रजा शिल्लक ठेवा."

मी बरं म्हणालो. भीती होती तेवढीच होती. फक्त दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्ज लिहिताना मी कारण म्हणून 'पत्नीचे ऑपरेशन' एवढंच लिहिलं, आणि साहेबांनी "कसलं?" असं विचारल्यावर, "तिला हवं होतं ते," म्हणून जागेवर येऊन बसलो.