धवयीवर आलेला आळ

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, फोनवर आईजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण जिजी गिरणीवर गेलीय आणि ती यायच्या आत मला थोडा धीर गोळा करायचाय.

तसं बघाल तर कोंबड्यांची गोष्ट आहे. हसू नका.

माझं माहेर गडहिंग्लजकडं. आठवीत शाळा सुटली, मग लग्न. नवऱ्याला नवापूरच्या पोल्ट्र्यांना खाद्य पोचवणाऱ्या टेम्पोवर काम लागलं, म्हणून आम्ही इतक्या लांब, नंदुरबारजवळच्या कोरीटला आलो. इथली अहिराणी मला कळेना. बाजारात काही मागायचं तरी घाम फुटायचा. जिजी आमची घरमालकीण, एकटीच राहते. तिनं मागची खोली दिली, गरम भाकरी पुढं ठेवली आणि म्हणाली, "आठे तुन्हं कोनी नही ना? मी शे ना!" इथं तुझं कुणी नाही तर मी आहे, एवढं कळलं मला. त्यावरच मी इथं टिकले.

तिच्या दहा-बारा कोंबड्यांनी मला आणखी टिकवलं. गिरीराज कोंबडा होता, वजनानं डुलत चालायचा, दाणे टाकले की सगळ्यांच्या आधी हजर, आरवायला मात्र उशीर. जिजी त्याला सरपंच म्हणायची. चांदणी गावरान, ठिपक्यांची, संशयी — खुराड्यात पाय ठेवायची नाही, निंबावर झोपायची. आणि कायी, म्हणजे काळी, कडकनाथ. कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही.

मग नवऱ्यानं पोल्ट्रीतली एक पांढरी कोंबडी आणली. अंडी कमी झाली म्हणून काढून टाकलेली. जिजीनं तिला धवयी, म्हणजे धवळी, नाव दिलं. तिनं जन्मात माती पाहिली नव्हती. अंगणात सोडली तर एक पाय वर धरून उभीच राहिली! चोचही कापलेली, दाणा नीट उचलता येईना. सरपंचानं हाकललं, चांदणीनं टोचलं. आणि कायी — जी कुणाची नव्हती — ती तिच्याजवळ जाऊन माती उकरायची आणि बाजूला व्हायची. धवयी त्या उकरलेल्या खड्ड्यातलं खायची. दुपारी दोघी अंगाला अंग लावून राखेत बसायच्या. कायी तिच्या मानेवरची पिसं एकेक साफ करायची.

जिजी मला चिडवायची, "तू आनि धवयी, दोन्हीबी परमुलुखन्या!"

मी हसायचे. पण खरं तेच होतं की नाही?

आता सांगते. मघापासून टाळतेय, कळतंय मला.

कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची लस आणायची होती. जिजी म्हणाली, तू जाय, तुले वाचता येस. अर्धवट शिकलेल्या मला असं काम कुणी कधी दिलं होतं? नंदुरबारला गेले. दुकानदारानं थर्मासात बर्फ घालून बाटली दिली आणि बजावलं — बर्फ विरघळला तर ही लस वापरू नका, टाकून द्या. येताना स्टँडवर बहिणीचा फोन आला. घरची बोली कानावर पडली आणि मी तिथंच बसले. थर्मास बाजूला, उन्हात, झाकण नीट न लावलेला. एक गाडी गेली, दुसरी गेली. मी बोलतच राहिले.

घरी झाकण काढलं तर आत नुसतं पाणी. कोमट.

मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

जिजी एकेक पाखरू धरत होती, त्याच्याशी बोलत होती, आणि मी प्रत्येकाच्या डोळ्यात त्या मेलेल्या लशीचा थेंब टाकत होते. एवढं एक काम दिलं आणि तेही हिला जमलं नाही — असं तिला वाटेल, ही भीती. बास, एवढीच.

पुढं मानमोडी आलीच. सरपंच गेला. इतर गेल्या. कायीची मान उलटी वळली, तरी ती धवयीच्या अंगाला टेकून होती, आणि तशीच गेली. राहिल्या दोघी — चांदणी, ती कशी वाचली देव जाणे, आणि धवयी. धवयीचं कारण मला ठाऊक होतं. पोल्ट्रीत तिला पिल्लू असल्यापासून लशी दिलेल्या होत्या.

जिजीला ते ठाऊक नव्हतं. "हाईच धवयी रोग लई उनी!" ती म्हणाली. शेजारणींनीही रोग हिनंच आणला असं धरलं. बाहेरून आलेली, स्वतः धडधाकट, बाकी सगळ्या मेल्या — अजून काय पुरावा पाहिजे? धवयीला कोपऱ्यात टोपल्याखाली कोंडलं. कापायचीच होती. मी रडून तिला मागून घेतली, तर जिजीनं माझेच डोळे पुसले. "तू कसाले रडस, पोरी? तुन्हा काय दोष शे?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? वर गावात माझं कौतुक झालं — किती माया हिच्यात! ते कौतुक मी घेतलं.

यंदा चांदणी खुडूक बसली. जिजीनं कुठून तरी कडकनाथची अंडी आणून तिच्याखाली ठेवली. काळी काळी पिल्लं निघाली. चांदणी शेवटी चांदणीच, आठवड्यातच दुपारची निंबावर जाऊन बसायला लागली. एकदा मी धवयीला टोपल्याबाहेर काढलं होतं, तेव्हा पिल्लं चिवचिवत थेट तिच्या पंखाखाली घुसली. तिनं आधी एक पाय वर धरला, पहिल्या दिवसासारखा. मग हळूच खाली बसली. जिजी ओट्यावरून बघत होती. "देख वं," म्हणाली, "धवयी माय व्हई गई." त्या दिवसापासून ते टोपलं भिंतीला उलटं टांगलेलं आहे.

आज या पिल्लांची लस आणायचीय. सकाळीच जिजीनं थर्मास माझ्या हातात दिला. "तूच जाय, तुन्हा हात चांगला शे."

थर्मास मी ओट्यावर ठेवलाय. धवयी त्याच्या सावलीत बसलीय, पंखातून दोन काळी डोकी बाहेर.

फाटकाची कडी वाजली. जिजी आली. आधी सांगणार — सगळं, कोमट पाण्यापासून. मग थर्मास उचलीन. तिनं परत हातात दिला तर.