कूलरसमोरची जागा

सेलूत एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बसून शिवणकाम करणं म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. आमचं शेड बाजार समितीच्या मागच्या गल्लीत आहे. शाळांचे गणवेश शिवतो आम्ही, दहा-बारा बायका. दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला की चटका बसतो. शर्टावर घाम पडू नये म्हणून प्रत्येकीच्या खांद्यावर एक फडकं असतं. तोंडाला मात्र कुणाच्याच विश्रांती नसते. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाकडे आज काय शिजलं, सगळं तिथं निघतं आणि हात आपले चालू राहतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मॅडम परभणीला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या. शेड त्यांचं, ऑर्डरी आणणाऱ्याही त्याच. बाई मनानं चांगली, पण प्रशिक्षणाहून आली की काहीतरी नवं खूळ घेऊन येते. मागच्या वेळी त्यांनी आम्हाला रोज सकाळी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. या वेळी टेम्पोतून एक कूलर उतरला.

"माणसाला प्रोत्साहन पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "आठवड्यात जी सगळ्यात जास्त शर्ट शिवील, पुढचा आठवडाभर कूलर तिचा. तिचं मशीन कूलरसमोर."

कूलर एकच, आणि त्याचा वारा चार हातांपलीकडे जात नव्हता. सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तर जिंकायची खोडच आहे. लहानपणी लंगडी खेळताना पाय टेकला तरी मी टेकला म्हणून कबूल करायची नाही. मी त्याच मिनिटाला पदर खोचला.

तो आठवडा काय विचारू नका. शेडात नुसता मशीनचा खडखडाट. कुणी कुणाची बॉबिन भरून देईना, कुणी डब्यातली चटणी पुढं करीना. शनिवारी मॅडमनी मोजलं तर मीच पहिली. सोमवारी माझं मशीन थाटात कूलरसमोर मांडलं गेलं. गार वाऱ्यात अंग असं सुखावलं की शिवताना मला चक्क हसू येत होतं.

दुपारपर्यंत ते हसू ओसरलं. कूलरच्या घरघरीत मला कुणाचं काही ऐकू येईना. पलीकडच्या दोघी काहीतरी बोलून खुदकन हसल्या, मी "काय गं?" विचारलं, तर त्यांनाही माझं ऐकू गेलं नाही. गारव्यात एकटी बसून मी कंटाळून गेले.

कंटाळून मान वळवली तेव्हा मला मावशी दिसल्या.

मावशी म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या. काज-बटणाचं काम त्यांचं, तेही हातानं. आमच्या मशीनवरून शर्ट उतरला की त्यांच्याकडे जायचा. शर्ट धुऊन धुऊन विरेल, पण त्यांचं काज उसवायचं नाही. मलाही काज करायला त्यांनीच शिकवलं. मात्र अलीकडे सुईत दोरा ओवायला त्यांना दिसत नव्हतं, चष्म्यानंही भागत नव्हतं. म्हणून शेडात एक रीतच पडून गेली होती. मावशींनी सुई वर धरली की जी जवळ असेल तिनं उठून ओवून द्यायची.

त्या दिवशी मावशी सुई वर धरून बसल्या होत्या आणि कुणीच उठत नव्हतं. जी उठेल तिचा शर्ट मागं पडणार. त्यांच्या शेजारी बिनकाजाच्या शर्टांचा ढीग कमरेएवढा झाला होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. ढीग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "शाळा उघडायच्या आत माल द्यायचाय. हातानं नाही व्हायचं हे. परभणीत मशीनवर काज करून देतात, पुढच्या आठवड्यात तिकडंच पाठवू." त्या रागानं बोलल्या नाहीत. त्यांनाही ऑर्डर हातची जायची धास्ती होतीच.

थोड्या वेळानं मावशी माठाजवळ मला म्हणाल्या, "शनवारपस्तोर येते लेकी, मंग बसते घरी. समद्याजणी पळायल्यात, माझ्यामुळं खोळंबा कशाला?"

या बाईशिवाय शेड कसं असतं ते मला माहीतच नव्हतं. मी तडक मॅडमकडे गेले.

"मॅडम, ह्या हप्त्यात कूलर माझा हाय ना?"

"तुझाच."

"मंग मी त्यो मावशीपशी नेते."

"अगं, मग तुला काय मिळालं?"

"मी बी तिथंच बसते की."

मी कूलर ढकलत नेला, तर मावशीच ओरडल्या. "नको गं बाई! गार वाऱ्यानं माझे गुडघे धरतेत!"

आता आली का पंचाईत! सगळ्या हसायला लागल्या. शेवटी मी कूलर जरा तिरका केला. वारा मावशींच्या अंगावर न जाता त्यांच्या पुढ्यातून जाऊ लागला. म्हणजे त्यांना सुई ओवून द्यायला जी उभी राहील, तिच्या बरोबर तोंडावर.

मग जी मजा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. मावशींनी सुई वर धरायचा अवकाश, चौघीजणी उठायच्या. "तू आत्ताच ओवलीस की, आता मला दे!" एकीनं तर ओवलेला दोरा हळूच ओढून काढला आणि पुन्हा ओवत बसली. मी तिला रंगेहाथ पकडलं तेव्हा तिनं मलाच दरडावलं, "मला घाम आलाय, तू गप!" ओवता ओवता गप्पा सुरू झाल्या, डब्यांची झाकणं पुन्हा इकडून तिकडे फिरू लागली. मावशींच्या पिशवीत चिंध्या भरलेली एक लहानशी गादी असायची, सुया टोचायला. ती ओवलेल्या सुयांनी साळिंदरासारखी दिसायला लागली. मावशींचा हात एकदा चालू झाला की थांबायचा नाही. शुक्रवारी ढिगाच्या जागी फरशी दिसली.

मॅडमनी तयार शर्ट मोजले, पुन्हा मोजले. "काय बायका आहात गं तुम्ही," एवढंच म्हणाल्या आणि परभणीला फोन करून काजाचं काम रद्द केलं.

पण शनिवारनंतर घरी बसते, हे मावशींचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. त्या मनाच्या पक्क्या, एकदा ठरवलं की ठरवलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी चष्मा पिशवीत टाकला, डबा टाकला, आमच्याकडे न बघता चपला घातल्या. सगळ्यांची मशीनं थांबली. मला रडू यायला लागलं. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मला त्यांची गादी दिसली, सुया टोचलेली, तिथंच स्टुलावर. ती त्या रोज आठवणीनं घरी न्यायच्या.

"मावशी, गादी ऱ्हायली!" मी ओरडले.

"ऱ्हाऊ दे," त्या मागं न बघता म्हणाल्या. "सोमवारी लागंल की."