ह्यांचा अॅम्प्लिफायर आणि नव्यानं शिवलेला करंट

अगं, सरक अशी जवळ. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, आईचं लिहिलेलं जवळ बसूनच ऐकायचं असतं. एवढं जड खोकं कुरिअरनं पाठवून दिलंस आणि स्वतः फोनवरून नुसतं ‘आई, हे दाब, ते दाब’. असली कामं फोनवरून सांगतात का?

तुझ्या बाबांना अर्धांगवायू झाला आणि बोलणं गेलं. राहिला तो त्यांनी तरुणपणी स्वतः जोडलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. गाण्याची तबकडी लागली की डाव्या हाताची बोटं खुर्चीवर ताल धरतात. दिवसभरात तेवढंच. त्याचा ट्रान्सफॉर्मर एकदा जळाला, तेव्हाच नगरच्या वाइंडिंगवाल्यानं बजावलं होतं, “काकू, पुन्हा जळाला तर आणू नका. असलं सामान आता मिळत न्हाई.” आणि आपल्या शेवगावकडची लाईट तर तुला ठाऊक. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा, बंद झाल्या की डोळे दिपतात.

म्हणून तुझं ते यंत्र. भिंतीतला करंट घ्यायचा आणि जुनी गोधडी उसवून नवी शिवावी तसा धड करून मागून द्यायचा. लावलं तर अर्थिंगचा लाल दिवाच पेटला. परसातला अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडला होता. मीठ टाकून बादल्या ओतल्या तेव्हा कुठं दिवा विझला. मग टीव्हीवर घालते तसा विणलेला रुमाल त्याच्यावर घातला, तर तू केवढी ओरडलीस. गरम होतं म्हणे ते. काढला बाई रुमाल.

त्या सकाळी तबकडी लावली. यंत्रावर व्होल्टचे दोन आकडे, आत येणारा एकशे सत्तर, बाहेर जाणारा दोनशे तीस. तुझे काका दारातून म्हणाले, “वैनी, लाईट लई डीम हाय. डीपीवर जाऊन फेज बदलून येतो.”

“राहू द्या भावजी, आमचं चाललंय.”

“तुमचं चाललंय. आमच्या मिक्सरात चटणी अडकलीय.”

गेले. आपल्याकडं लाईट मंद झाली की कोणीही उठतो आणि खांबाजवळची डीपीची पेटी उघडतो, वायरमनची वाट कोण बघतंय. थोड्या वेळानं पंखा एकदम सुसाट झाला. पहिला आकडा भराभर चढला आणि यंत्र टक करून बंद पडलं. गाणं अर्ध्यावर तुटलं. ह्यांची बोटं थांबली.

मला वाटलं, यंत्रच बिघडलं. ह्यांना ताटकळत ठेवायचं जिवावर आलं. अॅम्प्लिफायरची पिन उपसली आणि पूर्वीसारखी सरळ भिंतीतल्या बोर्डाकडं नेली.

मनगट धरलं गेलं. ह्यांनी, डाव्या हातानं, वळ उठेल इतकं घट्ट. नजर वर होती. मी पाहिलं, बल्ब पांढराफटक झाला होता आणि गुणगुणत होता. बघता बघता तो फटकन गेला. पिन माझ्या हातातच होती.

काका बाहेरून ओरडत आले, “मेन बंद करा, न्यूट्रलची तार सुटली, करंट दुप्पट येतोय.”

मी मेन पाडला. “मिक्सर?” मी विचारलं.

“गेला. आता ही पाट्यावर वाटंल आन् माझा उद्धार करंल.”

वायरमन येऊन तार बांधून गेला, म्हणाला, यंत्र बिघडलं नव्हतं, जादा करंट पाहून आपणच बंद पडलं होतं. आधी यंत्र लावलं, दोनशे तीस दिसू दिलं, मग अॅम्प्लिफायर. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नाही, हे आयुष्यभर पाहिलंय, तरी त्या दिवशी पिनेवर हात ठेवून बसले. तांबूस उजेड आला. मग गाणं.

ह्यांनी ताल धरला नाही. बोट यंत्राच्या झाकणावर वाजवलं आणि मग स्क्रू ड्रायव्हरच्या डब्याकडं दाखवलं. तेव्हापासून रोज तेच. आत कसं शिवलंय ते बघायचंय त्यांना. मी हात लावणार नाही बाई, वस्तू तुझी आहे. तू लवकर ये. पिन काढून, तुझ्यासमोर, त्यांच्या हातानं उघडू.